ओझे मागे, ओढ पुढे

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

मोटार ही आता मूठभर श्रीमंतांची मिरासदारी राहिलेली नाही. खेड्यापाड्यांतील मध्यम शेतकऱ्याच्या दारातही आज, जुनी का होईना, एक छोटी चारचाकी उभी दिसते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला, मुलीला परीक्षेला पोहोचवायला, लग्नकार्याला ती धावून येते. परंतु जी वस्तू माणसे नेण्यासाठी घेतली, तिच्याच पाठीला हूक जोडून आपण तिला ट्रॉली ओढायला लावतो, तेव्हा प्रश्न उभा राहतो. पुढच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या छोट्या मोटारीने जड ओझे ओढावे काय? माझे उत्तर असे की शेतमालाचे ओझे कच्च्या वाटेवर आणि घाटात तिने मुळीच ओढू नये. हे उत्तर काहींना कडू लागेल, म्हणून त्यामागची कारणे क्रमाने मांडतो.

प्रथम हा प्रश्न मला कुठे दिसला ते सांगितले पाहिजे. माझे गाव सौंसर. येथील बहुतेक वाचकांना ते नकाशावर शोधावे लागेल. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, साठ-सत्तर किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याशी ते आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मराठी बोलणारे मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा निघाला आणि सौंसर त्यात आले. सीमेवर राहणे म्हणजे काय हे या मासिकाच्या मराठी आणि कानडी अशा दोन्ही विभागांच्या वाचकांना निराळे समजावून सांगायला नको.

आमच्याकडची मुख्य पिके कापूस आणि संत्रा. संत्र्याचे दोन बहार: आंबिया आणि मृग. आंबियाची फळे दिवाळीच्या आगेमागे निघतात, मृगाची होळीच्या सुमारास. फळ झाडावरून उतरले की ते थांबत नाही. कापूस घरात ठेवून भाव येण्याची वाट पाहता येते, संत्र्याचे तसे नाही. व्यापाऱ्याला बाग उभी विकली तर वाहतुकीची चिंता त्याची. पण ज्याची झाडे थोडी, त्याला स्वतःच माल तोडून नागपूरच्या कळमना बाजारापर्यंत न्यावा लागतो. हंगामात मालवाहू गाडी वेळेवर मिळत नाही, मिळाली तर भाडे चढे. मग दारातल्या मोटारीकडे लक्ष जाते. वेल्डिंगच्या दुकानात दोन जुनी चाके, चार लोखंडी अँगल आणि एक हूक यांची ट्रॉली तयार होते, तिच्यात कॅरेट रचले जातात आणि आपण भाडे वाचवले असे समाधान मिळते.

हे समाधान किती टिकते? आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचे एका हंगामात दोनदा क्लच गेले. पहिल्यांदा त्यांनी मिस्त्रीला दोष दिला, दुसऱ्यांदा रस्त्याला. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण त्यांना लावणे कठोर होईल, कारण मोटार विकताना कुणीही त्यांना सांगितले नव्हते की हिची कोणती चाके ओढतात आणि कोणती नुसती मागून फिरतात. सगळा घोळ या एका गोष्टीत आहे, म्हणून ती आधी समजून घेऊ.

मोटार पुढे जाते ती इंजिनच्या ताकदीने, हे अर्धेच खरे. चाक जमिनीला धरते म्हणून ती पुढे जाते. चाकावर जितके वजन, तितकी त्याची पकड. रेल्वेच्या इंजिनाचे चाक घसरू लागले की रुळावर वाळू सोडतात. आमच्या नागपूर-छिंदवाडा मार्गावर २०१५ पर्यंत छोट्या रुळांची गाडी धावत असे, आणि इंजिनात वाळूची पेटी कशाला हा प्रश्न तिथल्या पोरांनाही पडत नसे. ताकद कितीही असली तरी पकड नसेल तर चाक जागच्या जागी फिरते.

आता थोडा हिशोब करू. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला त्याखेरीज चैन पडत नाही. समजा चालकासह मोटारीचे वजन ८०० किलो आहे. इंजिन पुढे असल्याने पुढच्या चाकांवर ६० टक्के, म्हणजे ४८० किलो येतात. मागे १०० किलोची ट्रॉली, तिच्यात २० किलोचे २० कॅरेट, म्हणजे एकूण ५०० किलो. या ट्रॉलीचे ६० किलो हुकावर टेकले आहेत. हूक मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तिथे दाब पडला की तराजूसारखे होते: मागची चाके दबतात आणि पुढची हलकी होतात. मोटारीच्या दोन चाकांमधले अंतर २.४ मीटर आणि हूक मागच्या चाकापासून ८० सेंटिमीटर मागे धरला, तर पुढून २० किलो उचलले जातात आणि मागे ८० किलो वाढतात. दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर आणखी पंधरा-वीस किलो पुढून मागे सरकतात. ओढणाऱ्या चाकांवर राहिले सुमारे ४४० किलो.

ओल्या मुरमाड वाटेवर चाकाची पकड त्यावरच्या वजनाच्या ३० टक्के धरली, तर ही चाके १३२ किलोंचा जोर लावू शकतात. जोर लागतो किती? मोटार आणि ट्रॉली मिळून १३०० किलो. त्या चढासाठी १३० किलो आणि मऊ मातीत चाके रुततात त्याचे, पाच टक्के धरून, ६५ किलो. एकूण १९५. हाती १३२, गरज १९५! इंजिन कितीही दमदार असो, ही तूट भरून निघणार नाही. चालक अॅक्सिलरेटर दाबतो, अर्धा क्लच धरतो, चाक फिरते, खड्डा खोल होतो आणि जळका वास सुटतो.

याच मोटारीला याच ओझ्यासह कोरड्या डांबरी रस्त्यावर आणा. तिथे पकड ७० टक्के धरली तर ३०० किलोंचा जोर मिळतो आणि तोच चढ १५० किलोंत चढता येतो. मोटार झोकात निघते. माणूस फसतो तो इथेच. डांबरी रस्त्यावर एकदा जमले, म्हणून बागेतल्या वाटेवरही जमेल असे तो धरून चालतो. पण संत्र्याची बाग डांबरी रस्त्याला लागून नसते. काळ्या मातीची वाट, मधे नाला, नाल्याच्या पलीकडे चढ, अशी तिची जागा असते.

यावर कुणी म्हणेल, उसाच्या हंगामात इकडे एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या चालतात, त्याचे काय? तेही सुरक्षित आहे असे मी म्हणणार नाही. पण फरक पाहा. ट्रॅक्टरची ओढणारी चाके मागची. ओझे जड झाले की वजन त्याच चाकांवर येते आणि पकड वाढते. त्याची पुढची चाके मात्र हलकी होतात, प्रसंगी अधांतरी उठतात आणि चालकाचा वळण्यावरचा ताबा जातो. म्हणून पुढे लोखंडी वजने लावतात आणि ट्रॉली अक्षाच्या खालच्या बाजूला जोडतात. साखळी वर बांधली तर ट्रॅक्टर मागे उलटून चालकाचा जीव जाऊ शकतो. छोट्या मोटारीत पुढची चाके हलकी झाली की ओढ आणि वळण दोन्ही एकदम कमी होतात, कारण दोन्ही कामे त्याच दोन चाकांकडे आहेत. एका नोकराला एकाच वेळी दोन धन्यांची कामे सांगितली की कोणतेच धड होत नाही, तशातला हा प्रकार.

हे शास्त्र परदेशातून आलेले आहे असे समजण्याचे कारण नाही. आमच्या वाडवडिलांना ते माहीत होते. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. इकडे आल्यावर कानडी मित्रांच्या तोंडीही 'बंडी' ऐकली आणि गंमत वाटली. बंडी भरणाऱ्या माणसाचे कसब कशात असते? माल असा रचावा की थोडा भार जुवावर यावा, फार येऊ नये. मागे जास्त भरला तर बंडी उलाळते, आमच्याकडच्या हिंदी मिसळलेल्या बोलीत 'उलार' होते. जू वर उठते आणि बैलांच्या मानेखालचा पट्टा त्यांच्या गळ्याला फास लावतो. पुढे जास्त भरला तर बैलांची खांदे सुजतात. चढ आला की आमचा धुरकरी पुढे सरकून बसतो, उतारावर मागे सरकतो. त्याने पदार्थविज्ञान शिकलेले नसते, पण पुढून ओढणाऱ्याच्या अंगावर भार असल्याखेरीज ओढ लागत नाही आणि मागे भार गेला तर ओढणारा गळफासात सापडतो, हे त्याला पुरते ठाऊक असते. छोट्या मोटारीमागे ट्रॉली लावणे म्हणजे जाणूनबुजून उलार बंडी हाकणे होय. बैल निदान थांबतो. यंत्राला ते कळत नाही.

मोटारी बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे, आणि त्यांच्या कृतीतून ते दिसते. जुन्या पिढीच्या ॲम्बॅसेडर आणि पद्मिनी या मोटारींची मागची चाके ओढत असत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांवर चालणारी मोटार घरोघर पोहोचली. हा बदल वाईट होता असे नाही. इंजिन आणि ओढणारी चाके एकाच जागी आल्याने मागेपर्यंत जाणारा लांब दांडा वाचला, मोटार हलकी झाली, आत पाय ठेवायला जागा झाली, पेट्रोल कमी लागले. चार माणसे घेऊन पावसात जाताना पुढच्या चाकांवर वजन असल्यामुळे ती रस्ताही चांगला धरते. पण पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, त्याच कारखान्याने त्याच ७९६ घनसेंटिमीटरच्या इंजिनवर व्हॅन काढली, पुढे ती ऑम्नी म्हणून ओळखली गेली. तिची ओढणारी चाके मागची ठेवली! २००५ साली आलेला टाटा एस, ज्याला सगळा देश छोटा हत्ती म्हणतो, त्याचीही ओढ मागच्या चाकांवर. २०१६ च्या मारुती सुपर कॅरीचीही तीच. माणसांसाठी एक रचना आणि मालासाठी दुसरी, असे ज्यांनी वाहन घडवले त्यांनीच ठरवले असताना आपण वेल्डिंगच्या दुकानात तो निर्णय फिरवावा, हे शहाणपणाचे नाही.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. युरोपात पुढच्या चाकांच्या मोटारी सहलीच्या घरवजा ट्रॉल्या सर्रास ओढतात. फ्रान्समध्ये १९४७ साली सित्रोएन कंपनीने पुढच्या चाकांवर चालणारी मालवाहू व्हॅनही काढली आणि ती १९८१ पर्यंत बनत राहिली. मग आपल्यालाच काय धाड भरली आहे? उत्तर असे की तिथे प्रत्येक मोटारीला किती वजन ओढता येईल आणि हुकावर किती किलो टेकू द्यावेत याचे आकडे कारखाना ठरवून देतो, ट्रॉली नोंदलेली असते, ठराविक वजनापुढे तिला स्वतःचे ब्रेक लागतात आणि रस्ता पक्का असतो. आपण यातली एकही अट पाळत नाही आणि फक्त हूक उचलतो. मोटारीबरोबर मिळणारी पुस्तिका किती जणांनी उघडली असेल? ट्रॉली ओढण्याविषयी तिच्यात काय लिहिले आहे ते वाचण्याइतके मराठी-हिंदी-इंग्रजी आता घरातल्या एखाद्या तरी मुलाला येते.

चढापेक्षा उतार अधिक घातक. आमच्याकडून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. उतारावर बिनब्रेकची ५०० किलोंची ट्रॉली मोटारीला मागून ढकलते. ८०० किलोंच्या मोटारीच्या ब्रेकांना १३०० किलो थांबवायचे असतात. सपाट रस्त्यावरसुद्धा जी मोटार करकचून ब्रेक दाबल्यावर १० मीटरमध्ये थांबते तिला १६ मीटर लागतात. उतारावर त्याहून अधिक. वळणावर ब्रेक दाबला तर ट्रॉली बाजूने पुढे येऊन मोटारीलाच मिठी मारते. त्या सहा मीटरमध्ये एखादी सायकल असते, एखादे शाळेतले पोर असते. ओझे ओढणाऱ्याचा धोका त्याच्यापुरता राहत नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे, म्हणजे घरी जोडलेली बिननोंदणीची ट्रॉली रस्त्यावर आणणे हे नोंदणी नसलेले वाहन आणण्यासारखेच. बंद पडलेली मोटार दोराने ओढण्याबद्दलही १९८९ च्या नियमांत स्पष्ट सांगितले होते: दोन वाहनांत पाच मीटरहून अधिक अंतर नको, वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत हवा, दोर लांबून दिसायला हवा, मागच्या वाहनात परवाना असलेला चालक हवा. २०१७ साली त्या नियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली, तरी त्यामागचे शहाणपण जुने झालेले नाही. ओढल्या जाणाऱ्या मोटारीचे इंजिन बंद असते, त्यामुळे तिचा ब्रेक जड होतो आणि स्टिअरिंगही अडते, हे विसरून साडीच्या तुकड्याने बांधलेली मोटार घाटात ओढणारे महाभाग आपण सर्वांनी पाहिले आहेत.

त्याहून मोठी गोष्ट विम्याची. खाजगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने चालवणे आणि, नमुने व वैयक्तिक सामान सोडून, मालवाहतूक करणे हे वापर तिच्या बाहेर आहेत. संत्र्याचे वीस कॅरेट वैयक्तिक सामान ठरवायला कोणताही वकील धजणार नाही. म्हणजे वर्षानुवर्षे हप्ता भरून ज्या दिवशी खरी गरज पडेल, नेमक्या त्याच दिवशी पॉलिसीचा कागद कोरा ठरण्याची भीती. मग 'बैल गेला अन् झोपा केला' अशी अवस्था व्हायची.

राहिला पैशाचा प्रश्न, कारण सगळे समर्थन त्यावरच उभे आहे. समजा छोट्या हत्तीचे कळमन्यापर्यंतचे भाडे २,५०० रुपये आहे आणि त्यात ३५ कॅरेट जातात. दर कॅरेटला सुमारे ७१ रुपये पडले. स्वतःच्या मोटारीला जाऊन-येऊन १४० किलोमीटरला, ओझ्यामुळे लिटरला दहाच किलोमीटर धरून, १४ लिटर पेट्रोल लागले. लिटरला १०० रुपये धरले तरी १,४०० रुपये. कॅरेट २०. दर कॅरेटला ७० रुपये. वाचला एक रुपया! आणि यात क्लच, टायर, ब्रेक, मोटारीचा घसारा, चालवणाऱ्याचा दिवस यांपैकी एकाचाही हिशोब धरलेला नाही. रोकड वहीत फक्त पेट्रोल दिसते, झीज दिसत नाही, म्हणून फायदा झाल्याचा भास होतो. हिशोबाच्या पुस्तकात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की घसारा न मांडता दाखवलेला नफा हा भांडवल खाऊन दाखवलेला नफा असतो. आमच्या बागायतदारांची मोटार हे बहुधा त्यांचे घराखालोखाल मोठे भांडवल आहे. ते असे खाणे परवडणारे नाही.

"हे सर्व ठीक, पण हंगामात गाडी मिळत नाही त्याचे काय?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय उपदेश करणे म्हणजे उंटावरचे शहाणपण. माझ्या मते उपाय एकट्याचा नाही. शेजारच्या चार बागा एकाच दिवशी तोडल्या तर एक मालवाहू गाडी पूर्ण भरते आणि भाडे वाटले जाते. ऊस तोडणीचा क्रम कारखाना लावतो, तसा संत्रा तोडणीचा क्रम गावाने का लावू नये? बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत बंडीने किंवा ट्रॅक्टरने माल आणावा आणि पुढे मालवाहू गाडीने न्यावा. पोळ्याला ज्यांची आपण पूजा करतो त्या बैलांचे हे काम अजून संपलेले नाही. आणि ज्याला वाहन घ्यायचेच आहे त्याने घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: कोणती चाके ओढतात, किती वजनाची परवानगी आहे, आणि विमा कोणत्या वापराचा आहे. रंग आणि म्युझिक सिस्टीम यांची चौकशी त्यानंतर करावी.

आपण तरुणांनी यात एक काम सहज करता येण्याजोगे आहे. सुट्टीत घरी गेल्यावर मोटारीची पुस्तिका आणि विम्याची पॉलिसी कपाटातून काढावी, ओझ्याविषयीचे आणि वापराविषयीचे कलम शोधावे आणि आपल्या मायबोलीत, मग ती मराठी असो की कानडी, वडिलांना वाचून दाखवावे. त्यांनी आयुष्यभर बंडी हाकली आहे. मागे भार गेला की काय होते हे त्यांना एका वाक्यात समजेल.